बोललेलं पाणी

१९७३ सालच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या खासगी विहिरी आणि आड यांचे पाणी तपासण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेकडे आले. आदल्या वर्षीचा पाऊस बुडाला होता. तलावांचे तळ भेगाळले होते आणि नळाला आठवड्यातून एकदा, तेही पहाटे, पाणी येत असे. जुन्या पेठांतल्या पुष्कळ घरांत आड होते. त्यांतले पिण्याजोगे कोणते आणि नुसते धुण्याजोगे कोणते हे ठरले, म्हणजे ते शेजारपाजारच्यांना खुले करता येणार होते. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पाण्यात काय असते आणि किती असते, एवढेच मला सांगायचे होते. ते कोणाचे असते हा प्रश्न माझ्या कामात तोवर आला नव्हता.

ईश्वरप्पांचे घर शुक्रवार पेठेत, दोन दुकानांच्या मधल्या बोळातून आत गेल्यावर लागे. पुढे राहते घर, मागे सूत रंगवण्याचा कारखाना आणि दोहोंच्या मध्ये फरसबंद अंगण. अंगणभर बांबूंवर लाल आणि हिरव्या सुताच्या लडी वाळत होत्या. भिंतीपलीकडच्या मागांचा खडखडाट अखंड चालू होता, इतका की तो थांबला असता तरच कोणी मान वर केली असती. अंगणाच्या कोपऱ्यात आड होता. तोंड अरुंद, काठाच्या दगडाला दोराने पाडलेल्या खोल खाचा. मी आत वाकून पाहिले. पेठेतल्या इतर आडांत मी त्या आठवड्यात तळाचा चिखल पाहिला होता. इथे पाणी हाताशी होते, काळेभोर आणि निश्चल, आणि त्यावरून गार हवा वर येत होती.

"आमच्या आडाचं पाणी तपासायचं म्हंजे म्हातारीला वय इचारल्यासारखं हाय, साहेब," ईश्वरप्पा म्हणाले. पन्नाशीचे गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, नखांत कायमचा बसलेला तांबडा रंग. "इचारा की. पण सांगणार कोण?"

"कुठली म्हातारी?" उंबऱ्यावर शेंगा फोडत बसलेल्या त्यांच्या आईने, चंद्रव्वांनी, मान न उचलता विचारले.

"तुला न्हाय गं, अव्वा. उदाहरण दिलं."

मी माझ्याजवळची दोरी सोडू लागलो, तेव्हा मात्र चंद्रव्वांनी मान उचलली. "तम्मा, तू हात लावू नगो. घरच्या बाईनं काढायचं असतं."

ईश्वरप्पांची पत्नी नीलम्मा पुढे आली. चाळिशीची, ठेंगणी, चालण्यात घाईची सवय. तिने पोहरा उचलला, आडावर वाकली आणि आत कोणी बसले असावे अशा साध्या आवाजात म्हणाली, "बंदवरिगे कुड्याक." मग दोर सोडला.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"आलेल्यांना प्यायला, म्हणली," ईश्वरप्पांनी सांगितले. "आमच्या घरात रीत हाय. पोहरा सोडायच्या आधी पाणी कुणाला अन् कशाला, ते सांगायचं. रंगाला, भाजीला, न्हाणाला, काय असंल ते. न सांगता काढायचं न्हाय."

"सांगायचं कोणाला?"

"अक्कांना. पाण्यातल्या देवता, तुमी साती आसरा म्हणता, त्याच. आमी घरात अक्का म्हणतो."

"आणि कानडीत का? त्यांना मराठी कळत नाही?"

"कळत असंल की, सोलापुरात राहत्यात म्हंजे," दोर ओढता ओढता नीलम्मा म्हणाली. "पण घरातलं बोलणं घरातल्या बोलीत."

मी हसलो. तीही हसली. तिने पोहरा काठावर टेकवला. मी निर्जंतुक केलेली काचेची मोठी बाटली त्यातून भरून घेतली, बूच घट्ट बसवले आणि चिठ्ठी चिकटवली. नीलम्मा पाणी प्यायचे भांडे पुढे करून उभीच होती.

"पिणार न्हाय व्हय तुमी?"

"हे पिण्यासाठी नाही, वहिनी. तपासणीला जाईल."

तिने भांडे खाली ठेवले. सासूकडे पाहिले. सासूने तिच्याकडे पाहिले. थोड्या वेळाने चहा आला. तो नळाच्या साठवलेल्या पाण्याचा होता, हे मला पुढे कळले.

प्रयोगशाळेत मी त्या पाण्याला नेहमीच्या कसोट्या लावल्या. सोलापूरचे भूजल काळ्या कातळातून झिरपत येते. त्यात चुना असतो, मीठ असते, कमीअधिक पण असतेच. या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर पांढुरकी छटाही उमटली नाही. कठीणपणाच्या चाचणीत रंग पहिल्याच थेंबाला निळा झाला, म्हणजे चुनाही नव्हता. शेवटी चिनी मातीच्या बशीत थोडे पाणी घेऊन ते आटवले. बशी जशी कोरी होती तशी कोरी राहिली. पावसाचे पाणीसुद्धा इतके निर्दोष नसते. पाणी चुकीचे असू शकत नाही, म्हणून मी माझी रसायने चुकीची धरली. उरलेल्या पाण्यातले निम्मे दुसऱ्या बाटलीत भरून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत महिपतीकडे पाठवले. महिपती माझा कॉलेजातला सोबती. हाताने चोख, जिभेने सैल.

त्यानंतर ईश्वरप्पा मला शोधत प्रयोगशाळेत आले. बाकावर टेकले नाहीत.

"साहेब, पाण्यात काय वंगाळ निघालं का?"

"उलट काहीच निघालं नाही. का?"

"घरच्या बाईच्या घशाखाली पाणी उतरंना झालंय."

मी त्यांच्याबरोबर गेलो. नीलम्मा माजघरात भिंतीला टेकून बसली होती. अंगणात डांबर वितळावे असे ऊन होते. मी, ईश्वरप्पा, पंखा हलवणाऱ्या चंद्रव्वा, सगळे घामाने निथळत होतो. तिच्या कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता. पेठेतल्या डॉक्टरांनी आधी कुत्रे चावल्याची शंका घेतली आणि मग ती शंका सोडून दिली होती. नीलम्माला पाण्याची भीती वाटत नव्हती. तहानही वाटत नव्हती. घोट तोंडात घेतला की तो तसाच तोंडात राही आणि तसाच परत येई. अंग मात्र सुकत नव्हते. नाडी, कातडी, डोळे, सर्व ठीक होते. डॉक्टरांनी हवापालट सुचवला होता.

"हे बघा," ती म्हणाली आणि तांब्यातले पाणी हातावर ओतले. पाणी मोत्यांसारखे गोळा होऊन बोटांवरून ओघळले. हात कोरडा होता. "अळूचं पान झालंय माझं. वड्या करा म्हणावं आता."

कोणी हसले नाही, तेव्हा ती आतल्या आत दबल्यासारखी झाली. तिला रडू येत होते हे चेहऱ्यावरून दिसत होते. डोळ्यांत पाणी नव्हते.

"तिचा शब्द अक्कांकडं राहिलाय," चंद्रव्वा म्हणाल्या. "काय म्हणून राहिलाय, ते कळंना. ओटी भरली. हिरवा चुडा सोडला, खण, नारळ, समदं सोडलं. दुसऱ्या दिवशी रंगाला पाणी काढाया पोहरा टाकला, तर समदं पोहऱ्यात बसून वर आलं."

त्यांनी तो खण मला दाखवला. रात्रभर आडात राहिलेला खण. त्याची घडी मोडलेली नव्हती आणि तो कोरा करकरीत होता.

नवससायासांना न बधणारी ही पहिलीच सत्ता मी पाहत होतो. त्या वेळी ते मी स्वतःशी थट्टेने म्हटले.

निघताना ईश्वरप्पा बोळापर्यंत आले. "बुधवारी तर लई हाल झाले, साहेब. दुपारी अंग असं तापलं, असं तापलं, जणू कुणी चुलीवर ठेवलंय. घटकाभरानं आपोआप उतरलं."

बुधवारी दुपारी मी बशीतले पाणी आटवत होतो.

दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. हे मी हाताखाली शिकायला आलेल्यांना शिकवले आहे. पण शंका आली तर ती तपासावी, हेही शिकवले आहे. माझा सहायक मानसिंग हा पाण्यापेक्षा कुस्तीवर अधिक बोलणारा उमदा मनुष्य होता. मी त्याला सांगितले, की उद्या मी बाहेर असेन. दिवसभरात तुझ्या मनाला येईल तेव्हा ही बाटली बर्फात ठेव, मनाला येईल तेव्हा काढ, दोन्ही वेळा टिपून ठेव. मला आधी काही सांगू नकोस.

"बाटलीला ताप आलाय का साहेब?" त्याने विचारले.

"बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून ईश्वरप्पांच्या माजघरात बसलो. घरच्यांना काही सांगितले नाही. नीलम्मा गहू निवडत होती. दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर तिचे हात थांबले. तिने पदर अंगाभोवती लपेटून घेतला. "अत्ती, गार लागतंय," ती सासूला म्हणाली. तिचे ओठ निळे पडत होते. बाहेर त्या वेळी सावलीतही उभे राहवत नव्हते. चंद्रव्वांनी तिच्यावर घोंगडे टाकले. मी घड्याळ पाहिले. बऱ्याच वेळाने तिने घोंगडे बाजूला केले आणि पुन्हा सूप पुढे ओढले. मी पुन्हा घड्याळ पाहिले.

संध्याकाळी मानसिंगच्या आणि माझ्या टिपणांत फरक नव्हता.

मी टेबलाशी बसून राहिलो. भीती वाटली हे खरे आहे, पण ती मागाहून वाटली. आधी मला जे वाटले त्याला आदर हाच शब्द आहे. निसर्गात मी जे नियम शिकलो, त्यांत अंतर वाढले की परिणाम क्षीण होतो. इथे आडापासून अर्ध्या शहराइतक्या अंतरावर तो तसूभरही क्षीण झाला नव्हता.

मग मला पुणे आठवले. तिथे निम्मे पाणी होते, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पाणी आटवणे.

मी ट्रंक कॉल लावला. लाइन मिळेपर्यंत मी काय विचार केला ते मला आठवत नाही. पलीकडून महिपतीचा आवाज खरखरत आला.

"अरे यज्ञेश्वर! लेका, एवढी घाई? दुष्काळात तुम्हाला पाण्याशिवाय दुसरं सुचत नाही वाटतं."

"त्या नमुन्याला हात लावू नकोस. परत पाठव. माझा माणूस येतोय."

"का रे? कोणाच्या बायकोनं आंघोळ केली त्यात?"

"महिपती, तू त्यातलं काही वापरलं आहेस का?"

"छे! बाटली ही काय, माझ्या हातातच आहे. टिकावं म्हणून क्लोरोफॉर्मचे दोनचार थेंब घातलेत तेवढेच. यातून एक थेंबही काढलेला नाही. शपथेवर सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "तसंच ठेव."

मानसिंग त्याच रात्रीच्या गाडीने गेला आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन निघाला. ती दुपार नीलम्माने भिंत धरून काढली. बसल्या जागी ती हेलकावत होती, एका संथ ठेक्यावर. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. एकदा ती म्हणाली, "खाली लई पोकळ झालं." मी नंतर मानसिंगला विचारले. बाटली मांडीवर धरून तो खिडकीशी बसला होता, आणि भीमेच्या पुलावर आल्यावर त्याने ती घट्ट आवळली होती.

दोन्ही बाटल्या घेऊन मी शुक्रवार पेठेत गेलो. पाणी ज्याचे त्याला परत द्यावे, यावर आमचे सर्वांचे एकमत होते. मी आडावर वाकून पहिल्या बाटलीतले थोडे पाणी आत ओतले.

ते मिसळले नाही. आडाच्या काळ्या पाण्यावर ते तापल्या तव्यावरच्या थेंबासारखे गोळा होऊन, वेगळे, थांबले. चंद्रव्वांनी "परत घ्यायला" असे आपल्या बोलीत सांगून पोहरा सोडला. तो वर आला तेव्हा त्याच्या तळाशी तेवढेच पाणी होते. मी मोजपात्र आणले होते. मी ते मोजले. जितके ओतले होते तितके ते होते.

"घेत न्हाईत," ईश्वरप्पा म्हणाले. "काय पायजे मग त्यांना? काय बी मागा म्हणावं. कारखाना मागा!"

पण मला वाटू लागले होते की त्यांना काहीच नको आहे. ज्यांना नारळ नको, चुडा नको, स्वतःचे पाणीही नको, ते मागत नसतात. ते फक्त काही तरी पुरे होण्याची वाट पाहत असतात.

मी माजघरात गेलो. "वहिनी, त्या दिवशी तुम्ही आडाला काय सांगितलंत?"

"न्हेमीसारखंच. बंदवरिगे कुड्याक."

"आलेल्यांना प्यायला. पण मी तपासायला आलो होतो. ते तुम्हाला ठाऊक होतं."

तिने मान खाली घातली. "तपासायला, असं कसं म्हणू ओ? अक्कांच्या तोंडावर त्यांच्या पाण्याचा संशय घ्यायचा? पाव्हणं आलंय, पाणी पिईल, असं म्हणलं. मला वाटलं, थोडं तरी प्याल की तुमी."

बाहेर माग खडखडत होते. चंद्रव्वांच्या हातातला पंखा थांबला होता.

या घराखेरीज कोणत्याही घरात ही चूक झाली नसती. पाणी काढण्याआधी हेतू सांगण्याची रीत इतरत्र नव्हती. आणि जिथे ती होती, तिथे पाण्यावर अविश्वास दाखवण्यापेक्षा पाहुण्याच्या नावावर एक लहानसा शिष्टाचार खपवणे त्या बाईला सभ्यपणाचे वाटले होते. अक्कांनी तिला शिक्षा केली नव्हती. तिचा शब्द खरा होईपर्यंत तो त्यांनी ठेवून घेतला होता, आणि शब्दाबरोबर तिलाही. त्यात राग नव्हता, सूड नव्हता, सूटही नव्हती.

मी बाटल्यांची बुचे काढली.

पहिल्या बाटलीतले पाणी बरेच दिवसांचे होते. दुसरीला क्लोरोफॉर्मचा गोडसर वास येत होता. मी मनाशी मात्रा काढली. जीव जाणार नव्हता. यकृताने तक्रार करावी इतके ते होते. पोहऱ्यातले मोजलेले पाणीही मी पेल्यात काढून घेतले, कारण तेही त्याच शब्दातले होते.

"साहेब, तुमाला काय झालं तर?" ईश्वरप्पांनी माझे मनगट धरले. ते मला थांबवत होते की आधार घेत होते, हे त्यांनाही ठरवता येत नसावे.

"सोडा," मी म्हणालो.

मी प्यायलो.

पहिला पेला संपला. नीलम्माच्या वरच्या ओठावर घामाचा एक बिंदू उभा राहिला.

दुसऱ्या पेल्याला तिचे कपाळ ओले झाले.

क्लोरोफॉर्मचे पाणी जिभेवर जळत होते. मी थांबलो की तिचा घामही थांबे. ओठ विलग ठेवून ती माझ्या घशाकडे पाहत होती.

मग मी थांबलो नाही.

शेवटचा घोट उतरला. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी द्या."

चंद्रव्वा उठल्या. आडावर वाकून त्या म्हणाल्या, "सोसिगे कुड्याक." सुनेला प्यायला. त्यांच्या आवाजात त्या वेळी कंप नव्हता. हिशोबी माणसाशी बोलताना ठेवावा लागतो तसा तो स्वच्छ होता. नीलम्मा तांब्या तोंडाला लावून प्यायली, धाप लागेपर्यंत. मग तिने ओले हात तोंडावरून फिरवले आणि एकदम थबकली. डावा तळवा तिने माझ्यापुढे धरला. त्यावरचे पाणी मोत्यांसारखे सरकत होते.

"एवढं राहिलं," ती म्हणाली.

का राहिले ते मला माहीत होते. मी चाचण्यांत वापरलेले पाणी मोरीतून वाहून गेले होते, आणि बशीतले हवेत गेले होते. ते मी कुठून पिणार होतो?

मी तसे सांगितले. नीलम्मा हसली. "राहू द्या ओ. एका तळव्याचं काय. भाकरी उजव्यानं थापते मी." पण ईश्वरप्पा हसले नाहीत. शब्द अपुरा होता, आणि तळव्यातून पुन्हा सगळ्या अंगात पसरायची वाट त्या कोरडेपणाला ठाऊक होती.

सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले. मानसिंग माझ्या मागे होता. धुतलेले फ्लास्क आम्ही भिंतीवरच्या खुंट्यांना उपडे अडकवून ठेवत असू.

ते उपडेच होते. त्यांतल्या काहींमध्ये पाणी होते. तोंड खाली, तळ वर, आणि पाणी तळाला बिलगून वर थांबलेले. एक थेंबही गळत नव्हता.

"साहेब," मानसिंग म्हणाला, आणि त्याने खुंट्यांकडे बोट दाखवले.

मी एकेक फ्लास्क काढून सुलटा केला. सुलटा होताच पाणी पाण्यासारखे वागू लागले. क्लोराइडसाठी, म्हणजे मिठासाठी, वापरलेला फ्लास्क. कठीणपणासाठी वापरलेला फ्लास्क. फळीवर पालथी घातलेली बशी, आणि तिच्या पोकळीत टांगलेले पाणी. मी सारे मोजपात्रात ओतून पाहिले. प्रत्येक चाचणीला मी जेवढे घेतले होते तेवढेच ते होते. त्यात रसायनांचा मागमूस नव्हता. गटारातून आणि आभाळातून अक्कांनी ते निवडून आणले होते, माझे मला, मी प्यावे म्हणून. एका बाईच्या तोंडून सहज गेलेले वाक्य खरे व्हावे यासाठी एवढी मेहनत घेणारा दुसरा कायदा मी पाहिलेला नाही. माझे हात त्या क्षणी आदराने थबकले, आणि हे मी कोणत्याही यंत्रापुढे किंवा ग्रंथापुढे कधी अनुभवले नव्हते.

"वास तरी घ्या साहेब आधी," मानसिंग पुटपुटला.

मी प्यायलो. मग पाहिले तर खुंट्यांच्या ओळीत अगदी कडेला अजून एक फ्लास्क भरलेला होता.

तो मी वापरलेला नव्हता. मी तो काढला, सुलटा केला आणि मानसिंगचे ऐकून वास घेतला. क्लोरोफॉर्म.

क्लोरोफॉर्म पुण्यात घातला गेला होता.

तेही मी प्यायलो. दुपारी ईश्वरप्पा धावत आले, चष्मा घामाने धुकट झालेला, हातात शेंगाचटणीचा पुडा. "भिजला साहेब! तळवा भिजला! दोन घागरी पाणी ओतून घेतलं वेडीनं हातावर. अव्वा बोंबलाया लागली, दुष्काळात पाणी सांडती म्हणून!" ते हसत होते आणि रडत होते. मी त्यांना बसवले, चहा मागवला. अहवालात त्यांच्या आडाच्या नोंदीपुढे मी "पिण्यास योग्य" असे लिहिले. ते मी स्वतः पडताळले होते.

ते गेल्यावर मी पुण्याला ट्रंक कॉल लावला. महिपतीला विचारायचे एवढेच होते, की तू खोटे का बोललास. थोडेसे पाणी काढून बघितले तर त्यात लाजण्यासारखे काय होते? सवयीने बोलला असेल. कामात कोणी ढवळाढवळ केली की आपण सगळेच असे बोलतो.

फोन दुसऱ्याच कोणी उचलला.

"महिपती साहेब रजेवर आहेत. तब्येत बरी नाही."

"काय होतंय?"

"काही कळत नाही हो. पाणीच गिळता येत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, कुत्रं चावलं होतं का."

मी विचारले, "त्यांना घाम येतो का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"साहेब," तो माणूस म्हणाला, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

नीलम्माने पाणी हाती येण्याआधी जे वाक्य म्हटले, ते पुढे घडायच्या गोष्टीचे होते. ती गोष्ट घडवून आणली आणि ते खरे झाले. महिपतीने पाणी हातात धरून जे वाक्य म्हटले, ते घडून गेलेल्या गोष्टीचे होते. यातून एक थेंबही काढलेला नाही. ते खरे करण्यासाठी पिण्याजोगे, ओतण्याजोगे, परत करण्याजोगे जगात काहीही नव्हते. मी गाडीने पुण्याला गेलो, त्याच्या उशाशी बसलो, आणि दोघे मिळून आम्ही ते वाक्य पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिले. त्यात कुठे फट नव्हती. नियम सर्वांना सारखाच होता.

मी हे लिहिताना ते पाणी माझ्या हातात नाही. ते मी प्यायलो आहे. माणसाच्या अंगातले पाणी काही आठवड्यांत बदलते, हे मला ठाऊक आहे. सगळेच बदलते का, हे ठाऊक नाही. म्हणून वर एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नाही, आणि जे मला माहीत नाही ते माहीत असल्यासारखे लिहिलेले नाही. लिहून झाल्यावर एकदा सारे वाचून पाहिले. मग माठातून पेलाभर पाणी घेतले.

उतरले.